खरी थाप



२०१३ सालच्या जुलै महिन्यात जागतिक युवा दिनासाठी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे जमलेल्या लाखो लोकांत आम्हीही होतो. पावसामुळे ग्वारातिबाच्या मैदानात चिखल झाला आणि अखेरचे कार्यक्रम कोपाकबानाच्या समुद्रकिनाऱ्यावर हलवावे लागले, हे आपल्यातील काहींना आठवत असेल. सोहळा आटोपला, परंतु परतीच्या विमानाला चार दिवस अवकाश होता. स्वस्तात जागा मिळाली ती बार्रा द तिजुका भागातल्या एका पाहुणघरात. आम्ही दोघे धर्मगुरू वगळता तिथे उतरलेले सर्वजण जिऊ-जित्सू शिकायला आले होते. कोणी ऑस्ट्रेलियाचा, कोणी पोलंडचा, कोणी जपानचा. एका खोलीत आठ खाटा, त्याही एकावर एक. गॅलरीत दोरीवर ओले, जाड किमोनो वाळत घातलेले. बोटांना चिकटपट्ट्या, कानांच्या पाळ्या सुजून गड्डा झालेल्या. सकाळी तालीम, दुपारी भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, थोडी झोप, की संध्याकाळी पुन्हा तालीम. भांडी घासण्याची पाळी मात्र कोणालाही चुकत नसे, मग कमरेला काळा पट्टा का असेना!

ही विद्या मूळची जपानची. कोदोकानमध्ये ज्युडो शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला आले व पुढे उत्तरेकडील बेलेम शहरी स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, त्यांच्याकडून त्यांचे भाऊ. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती चितपट झाली. इथे पाठ टेकल्यावर खरी झटापट सुरू होते. खाली पडलेला अंगाने किरकोळ माणूस वरच्याचा हात असा अडकवतो, गळा असा आवळतो, की वरच्याचे बळ कामी येत नाही. मग ज्याला शरण जायचे त्याने समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर हाताने दोन-तीन थापा द्यायच्या. थाप ऐकताक्षणी पकड सोडायची. वाद नाही, खुलासा नाही. हात मिळवायचे आणि पुन्हा भिडायचे. आपल्या भाषेत थापा मारणे म्हणजे खोटे बोलणे. पण त्या गादीवर माणूस जी थाप देतो, तिच्याइतके खरे तो दिवसभरात दुसरे काही बोलत नसेल.

सेमिनरीत आम्ही हेगेल वाचला होता. त्याच्या १८०७ सालच्या ग्रंथात दोन माणसे मान्यतेसाठी झुंजतात. जो जिवाला भिऊन माघार घेतो तो दास होतो, दुसरा धनी. आम्हाला ते तेव्हा पटले होते. इथे मात्र दिवसातून वीस वेळा माघार घेणारा माणूस वीस वेळा उठतो आणि कोणाचाही दास होत नाही. कारण उघड आहे. थापेला अर्थ येतो तो ऐकणाऱ्यामुळे. गळ्यावरची पकड नीट बसली तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. तरीही काल भेटलेल्या परक्या माणसाच्या हाती ही मुले आपला गळा देतात, ते त्याच्या ऐकण्यावर भिस्त ठेवून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांतला एक मुलगा हात गळ्यात बांधून परतला. कोपर निखळले होते. त्याने थाप दिली नव्हती. ज्याच्या हातून हे झाले तो त्याच्याच वरच्या खाटेवर झोपणारा. जेवणाच्या टेबलावर तो मुकाट्याने त्याच्या ताटातल्या मांसाचे तुकडे करून देत होता. घरात दोन तट पडले. बहुतेकांचे म्हणणे, नियम स्पष्ट आहे. थाप नाही तर दोष नाही. हात धरणाऱ्याला कसे कळावे? बराच वेळ गप्प बसलेला तो मुलगा मग म्हणाला, “मला कळलं होतं. त्याचा हात जातोय हे मला जाणवत होतं. मी थापेची वाट पाहिली.”

कोणी काही बोलले नाही.

आम्हाला वाटते, त्याने नेमक्या जागी बोट ठेवले. थापेचा नियम दुबळ्याला ‘थांब’ म्हणण्याचा हक्क देतो. पण म्हणून बळकटाला न थांबण्याचा हक्क मिळतो का? टाच पिळण्याच्या पकडीत दुखणे जाणवेपर्यंत गुडघ्याचे बंध तुटलेले असू शकतात, म्हणून ती नवशिक्यांना स्पर्धेत मना आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे, की थाप कधी कधी उशिरा येते. आणि आमच्याबद्दल म्हणाल, तर बांधावरून कोर्टात गेलेल्या भावांची समजूत काढताना ‘आधी त्याने माफी मागावी’ हे वाक्य आम्ही फार शांतपणे ऐकून घेतले आहे. एक-दोनदा आम्हीच ते उच्चारलेही आहे.

मात्र हात मोडलेल्या मुलाला ही सहानुभूती नको होती. तिथे १९५१ सालची एक कुस्ती सगळ्यांना तोंडपाठ असते. माराकाना मैदानावर जपानच्या मासाहिको किमुराने एलिओ ग्रेसीचा हात पिळला. एलिओने थाप दिली नाही. अखेर भाऊ कार्लोसने टॉवेल टाकून लढत थांबवली. त्या पकडीला आजही किमुराचेच नाव आहे. घरातली मुले एलिओच्या हिमतीची गोष्ट सांगत, आणि आम्हीही ती कौतुकाने ऐकली होती. हा मुलगा मात्र म्हणाला, “मला एलिओ व्हायचं होतं, फादर. आणि त्यापायी याला माझा हात मोडायला लावला.” आपला हात वाचवण्यासाठी थाप द्यायची, एवढेच आम्ही तोवर धरून चाललो होतो. मित्राला हात मोडणारा होऊ न देण्यासाठीही ती द्यायची असते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. तरी दोष वाटून टाकायचा झाला तर मोठा वाटा आम्ही त्या पकड धरणाऱ्यालाच देऊ. वेळ त्याच्या हातात होता.

निघण्याच्या दिवशी पहाटे बॅगा घेऊन खाली उतरलो, तेव्हा गॅलरीत दोघेही होते. एकजण बादलीत दोन किमोनो धूत होता. दुसरा चांगल्या हातात चिमटे धरून उभा. “आज तालमीला सुट्टी का?” आम्ही विचारले.

“नाही,” धुणारा म्हणाला, “हाही येतोय. बसून बघणार आहे.”