कॅरियसला लिहिलेली ओळ

शनिवारी रात्री दीड वाजता मी दुलईत असतो. दुलईत मोबाईल, त्याचा उजेड शेवटच्या टोकापर्यंत उतरवलेला, आणि एकाच कानात इयरफोन. दुसरा कान मोकळा ठेवतो, कारण पलीकडच्या खोलीत आई झोपते आणि रात्री तिला खोकल्याची उबळ येते. हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोकांना मुलाची माया दिसते. खरं असं की गोल व्हायच्या बेतात असताना उबळ आली, तर मी आधी गोल होऊ देतो. मग पाणी घेऊन जातो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात आणि इकडे कोल्हापुरात आमच्या घरची जेवणं पुढे जातात. इंग्लंडातला दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाला, तीनचा साडेआठला, साडेपाचचा अकराला. मग स्पेनमधला नऊचा, तो दीडला. रविवारी पुन्हा साडेसात, पुन्हा दहा. शनिवार-रविवार मिळून पाच सामने तर सहज होतात, म्हणजे दहा तास. एवढा वेळ मी गेल्या वर्षभरात सलग कुठल्या माणसासमोर बसलो असेन, असं मला वाटत नाही.

मी लिव्हरपूलचा. बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, सकाळपासून आपण हरलो, आपण हरलो चाललंय. आपण म्हणजे कोण?" मी हसण्यावारी नेलं. ती मात्र हसली नव्हती.

या 'आपण'ची सुरुवात कुठे झाली ते मी गेली वीस वर्षं अनेकांना सांगत आलोय. 25 मे 2005, इस्तंबूल, युरोपियन कपची फायनल. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पहिल्याच मिनिटाला मालदिनीचा गोल, मग क्रेस्पोचे दोन, आणि मध्यंतराला मिलान तीन, लिव्हरपूल शून्य. मग जेरार्डचं हेडर, श्मित्सरचा लांबून मारलेला फटका, अडवलेल्या पेनल्टीवर अलोन्सोने पुन्हा घातलेला पाय. चौपन्नाव्या मिनिटापासून साठाव्यापर्यंत तीन गोल. पुढे टायब्रेकर, डुडेकचे ते गोलरेषेवरचे झोकांडे खाणारे पाय, आणि कप. "ती सहा मिनिटं मी डोळ्यांनी बघितली आणि त्या रात्रीपासून लिव्हरपूलचा झालो," असं मी सांगतो. हातवारे करून सांगतो.

ती सहा मिनिटं मी बघितलेली नाहीत. मध्यंतरातच आमच्या खोलीतली वीज गेली. परत आली तेव्हा पडद्यावर तीन-तीन होतं, आणि आधी आम्हाला वाटलं की आकडा चुकलाय. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ते गोल पाहिले, नंतर हजार वेळा पाहिले, आणि कधीतरी ते मी त्याच रात्री पाहिल्याचे होऊन गेले. खोटं बोलतोय हेही आता बोलताना जाणवत नाही. हे लिहायला बसलो म्हणून आठवलं.

इंग्लंडमध्ये एक गंमत आहे. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने खुद्द तिथल्या लोकांना टीव्हीवर थेट बघायला मिळत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच पडदा बंद. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी 1960च्या दशकात हा आग्रह धरला होता. मोठ्या क्लबांचा खेळ घरबसल्या दिसला तर आपल्या गावच्या लहान मैदानावर कोण येणार, तिकिटं कोण काढणार, हा त्यांचा सवाल. अजून तो नियम चालू आहे. म्हणजे लिव्हरपूल शहरात राहणारा, तिकीट न मिळालेला माणूस तीनचा सामना रेडिओवर ऐकतो, आणि मी तोच सामना कोल्हापुरात पोहे खात बघतो. वर पडद्यावरची गोलरेषा नीट दिसत नाही म्हणून कुरकुर करतो.

त्या बॉब लॉर्डना ज्याची भीती होती, तो माणूस म्हणजे मी. माझ्या घरापासून शाहू स्टेडियम पायी वीस मिनिटांवर. बाकी महाराष्ट्रात पोरं क्रिकेटची बॅट घेऊन जन्माला येतात, आमच्या पेठांत पायात बॉल घेऊन. तालमींचे संघ, तालमींचे रंग, आणि सामन्याच्या दिवशी दुपारपासून भरलेल्या पायऱ्या. सतराव्या वर्षापर्यंत मी त्या पायऱ्यांवर वाढलो. आता माझ्या चुलतभावाचा मुलगा एका तालमीचा गोलकीपर आहे, आणि गेल्या दोन हंगामांत मी त्याचे सामने किती बघितले, तर एक. तोही अर्धा. उन्हाचा त्रास होतो, असं मी भावाला सांगितलं होतं.

आणखी एक कबुली देऊन टाकतो, ती तशी लहान आहे. मी फँटसी लीग खेळतो. पंधरा खेळाडू निवडायचे, एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. माझा कॅप्टन बहुतेक वेळा मँचेस्टर सिटीचा हालांड असतो. लिव्हरपूल-सिटी सामन्याच्या दिवशी अंगात लाल जर्सी, आणि पोटात कुठेतरी, हालांडने एक घातला तर बरं. ही बेइमानी म्हणून मी चारचौघांत कबूलही करतो, लोक हसतात. कबूल करत नाही ते वेगळंच आहे. एखादा खेळाडू गुडघा धरून कोसळतो, सगळं मैदान गप्प होतं, आणि माझा अंगठा आधी माझ्या राखीव खेळाडूंच्या यादीवर जातो. तो उठला का, हे मी नंतर बघतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. एवढा वेळ त्याला बगल देतोय, हे माझं मलाच दिसतंय.

26 मे 2018, कीव्ह. शनिवार, म्हणजे आपल्याकडे सव्वाबारा वाजून रविवार लागलेला. लिव्हरपूल विरुद्ध रियल माद्रिद. पहिल्या अर्ध्या तासात रामोसशी झालेल्या झटापटीत सालाहचा खांदा दुखावला आणि तो रडत बाहेर गेला. एक्कावन्नाव्या मिनिटाला आमचा गोलकीपर लोरिस कॅरियस याच्या हातात बॉल होता. त्याने तो बाजूच्या सहकाऱ्याकडे सरपटी टाकला. बेंझेमाने सहज पाय पुढे केला, बॉल त्याला लागून अगदी सावकाश, कंटाळल्यासारखा, जाळीत गेला. पुढे मानेने बरोबरी केली, बेलने उलटी उडी मारून जो गोल केला त्याला काही उत्तरच नव्हतं. मग त्र्याऐंशीव्या मिनिटाला बेलचाच लांबून आलेला फटका थेट कॅरियसच्या हातांवर आला आणि हातांतून निसटून मागे गेला. तीन-एक.

सामना संपल्यावर तो एकटाच लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसमोर गेला. डोळ्यांतून पाणी, दोन्ही तळहात वर. माफी मागत होता. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबला.

मी जे लिहिलं ते त्याच्यानंतर लिहिलं. चुकीच्या क्षणी, रागाच्या भरात लिहिलं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला रडताना बघितलं, पाणी प्यायलो, आणि मग त्याच्या इन्स्टाग्रामवर जाऊन त्याच्या एका फोटोखाली लिहिलं. एकच ओळ, इंग्रजीत. त्यात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या आणि त्याची आई होती. लिहून झालं, शांत झोप लागली.

इंग्रजीत का, यावर मी बराच विचार केलाय. त्याला मराठी येत नाही, हे सोपं उत्तर झालं. पण तीच शिवी मराठीत लिहायला घेतली असती तर ती उच्चारल्यासारखी झाली असती. मराठीतल्या शिवीत माझा आवाज आहे, आमच्या घराचा उंबरा आहे, लहानपणी ती दिल्यावर बसलेला फटका आहे. इंग्रजीतली शिवी म्हणजे लग्नात उधळायच्या खोट्या नोटा. कितीही उधळा, खिसा हलका होत नाही. मी शाळेत शिकवतो. वर्गातल्या पोराने ती ओळ फळ्यावर लिहिली असती तर मी त्याच्या पालकांना बोलावून घेतलं असतं.

माझ्यासारखे हजारो होते. काहींनी तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना जिवे मारू असं लिहिलं, तिथल्या पोलिसांना त्याची दखल घ्यावी लागली. मला त्या वेळी याचा दिलासाच वाटला. मी तसलं काही लिहिलं नव्हतं ना.

आठवड्याभराने बातमी आली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी कॅरियसला तपासलं होतं. सामन्यात, पहिल्या गोलच्या थोडं आधी, रामोसचं कोपर त्याच्या डोक्याला लागलं होतं. मेंदूला इजा झाली होती, आणि समोरची वस्तू किती अंतरावर आहे हे समजण्यात त्यामुळे गोंधळ झाला असण्याची शक्यता होती. मी तो सामना डोळ्यांत तेल घालून बघितला होता. कोपर मला दिसलं नव्हतं. बातमी वाचून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकच शब्द टाकला: बहाणा. त्याच्यापुढे हसून लोळणारी तीन तोंडं.

कॅरियस त्यानंतर लिव्हरपूलकडून एकही स्पर्धात्मक सामना खेळला नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आमच्या घरचा गोलकीपर, माझा पुतण्या, आता तेवीस वर्षांचा आहे.

शाहू स्टेडियमवरचे लोक काही संत नाहीत. तिथे शिव्या पडतात, कधी दगड पडतात, पोलीस बंदोबस्त लागतो, सामने थांबतात. मी जो अर्धा सामना बघितला त्यात पुतण्याच्या पायांतून बॉल गेला, आणि माझ्या दोन पायऱ्या खाली बसलेल्या एका माणसाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खणखणीत, कोल्हापुरी, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा. मी मान खाली घातली. त्याच रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर आम्ही गेलो होतो. समोर म्हशी उभ्या, धारोष्ण दुधाचे फेसाळ ग्लास हातोहात चाललेले, आणि गर्दीत तोच माणूस. पुतण्याला बघून थोडा चपापला. मग एक ग्लास त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "पी. फुडच्या म्याचला पाय जुळवून हुबा ऱ्हा." पैसे त्यानेच दिले.

त्या माणसाला मी वर पायरीवर बसून मनातल्या मनात गावंढळ म्हटलं होतं. पण ज्याला त्याने शिवी दिली तो त्याला रात्री भेटणार होता, आणि त्याला ते ठाऊक होतं. कॅरियस मला कुठल्याच कट्ट्यावर भेटणार नव्हता.

तो मला एकदा दिसला मात्र. 26 फेब्रुवारी 2023, वेम्बली, इंग्लंडच्या लीग कपची फायनल. कॅरियस तेव्हा न्यूकॅसलमध्ये होता, दोन वर्षांत एकही सामना न खेळलेला. आठवड्यापूर्वी न्यूकॅसलच्या नेहमीच्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं, तेही लिव्हरपूलविरुद्ध. दुसरा गोलकीपर याच स्पर्धेत आधी दुसऱ्या क्लबकडून खेळला होता म्हणून बाद. उरला कॅरियस. मी रात्री दहाला टीव्हीसमोर बसलो आणि नव्वद मिनिटं त्याच्यासाठी जीव काढला. त्याने चांगले बॉल अडवले. न्यूकॅसल दोन-शून्य हरलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचं मला बरं वाटलं. फिटलं, असं वाटलं.

अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की समोर मँचेस्टर युनायटेड होतं. युनायटेडसमोर कोणीही उभा असता तरी मी त्याच्यासाठी जीव काढलाच असता.

ती ओळ अजून तिथे असेल. मी काढून टाकलेली नाही. काढायची तर आधी ती शोधावी लागेल, आणि शोधली तर वाचावी लागेल.

मागच्या शनिवारी मी स्टेडियमवर गेलो. भावाला आधी कळवलं नाही, चारच्या सामन्याला सरळ जाऊन पायरीवर बसलो. ऊन होतं, सोसलं. पुतण्या पिवळ्या जर्सीत, गोलपोस्टला दोन वेळा पाय आपटून उभा राहिला, लहानपणापासूनची सवय. लोक ओरडत होते, शेजारच्याने न विचारता माझ्या हातात शेंगा दिल्या. साडेचारला पाच कमी असताना खिशात मोबाईल थरथरला. इंग्लंडातला पहिला सामना सहाला होता, आणि फँटसीची यादी त्याच्या दीड तास आधी बंद होते. हालांड की सालाह, मी दोन दिवस ठरवलं नव्हतं. मोबाईल काढला, उन्हात पडदा दिसेना म्हणून तळहाताची सावली केली. हालांड केला. पुन्हा सालाह केला.

अचानक सगळा स्टँड उभा राहिला. मीही उठलो. समोर पुतण्या डाव्या खांबापाशी आडवा पडला होता, बॉल छातीशी घट्ट, आणि त्याच्या संघातली पोरं त्याच्या अंगावर पडत होती. "काय गावला! काय गावला!" शेजारचा माझ्या पाठीवर थापा मारत होता.

सामना संपल्यावर पुतण्या जाळीपाशी आला. चेहरा धुळीने भरलेला, कोपर सोललेलं.

"काका, बघितलासा काय?"

"बघितला की," मी म्हणालो. "डावीकडं. एक नंबर."