मालकी आणि राखण

आपली वस्तू आपल्या छपराखाली असली म्हणजे मनुष्याला सुखाची झोप लागते. ती झोप कितपत खरी, हा प्रश्न मला अगदी आधुनिक कारणाने पडला. नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या मुलांनी आपापल्या आज्यांकडून अहिराणी, भिली, पावरी गोष्टी उतरवून आणल्या. त्यांचे आवाजही टिपून घेतले. हे सारे संकेतस्थळावर मांडायचे ठरले आणि वाद उभा राहिला. सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला ही पाने पुरवीत अहोरात्र जागणारा संगणक, आपल्याच घरी ठेवावा, की वर्षाचे भाडे भरून एखाद्या कंपनीकडून होस्टिंग घ्यावे?

“सर, आपल्या आज्यांच्या गोष्टी परक्याच्या वाड्यात कशाला?” एक तरुण सहकारी म्हणाले. सर्व्हर स्वतःच्या घरी चालवायला ते तयार होते, आणि विजेचा हिशेबही त्यांच्याच बाजूचा होता. पाच वॅटचा छोटा संगणक वर्षभर अखंड चालला तरी जेमतेम ४४ युनिटे होतात. परंतु वीज गेली की इन्व्हर्टर हवा. घरगुती जोडणीत पुष्कळदा अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो; आपले दार जगाला सापडावे म्हणून बहुधा कायमचा पत्ता निराळे पैसे देऊन घ्यावा लागतो. शिवाय चोर दार चाचपीत असतात, म्हणून कुलपे वरचेवर बदलावी लागतात. पणती एका रात्रीची. हा तर नंदादीप. त्याला रोज तेल घालणारा हात हवा. उद्या या सहकाऱ्यांची बदली झाली, तर तो हात कोणाचा?

बरे, भाड्याची जागा तरी शाश्वत आहे काय? जिओसिटीज नावाच्या फुकट वसाहतीत लाखो लोकांनी आपली पाने मांडली होती. याहू कंपनीने २००९ साली ती अमेरिकेतील वसाहत मोडून टाकली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणक-कोठाराला आग लागली. ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी कित्येकांचे सारे गेले.

तेव्हा भिंती कोणाच्या, यापेक्षा राखण कोणाची, हा प्रश्न मोठा. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. एका माणसाचा ध्यास अनेकांचे काम झाला, म्हणून तो संग्रह टिकला. जे माझ्याबरोबर संपणार, त्याला स्वावलंबन कसे म्हणावे? ती केवळ मालकीची हौस.

त्याच धुळ्याकडे पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी फड पद्धतीत हे कित्येक पिढ्या जाणले होते. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे. ते वाटायला पाटकरी नेमलेला. त्याला मेहनताना दिला म्हणून पीक काही त्याचे होत नसे. पण पाटकरी गावाला जबाबदार असे. दूरची कंपनी आपल्याला ओळखतही नाही. म्हणून भाडे भरण्यात कमीपणा नसला, तरी गाफीलपणा परवडत नाही.

मला मालकीची एकच परीक्षा दिसते : उद्या आपले सामान उचलून दुसरीकडे बिऱ्हाड करता येईल काय? संकेतस्थळाचे नाव शाळेच्या नावावर असावे, मूळ आवाज आणि लेखन शाळेच्या कपाटात असावे, आणखी एक प्रत दुसऱ्या गावी असावी. मग होस्टिंग खुशाल भाड्याचे असो. धान्य बाजारात जाते. बियाणे कणगीत राहते.

त्या आज्यांनी गोष्टी सांगितल्या त्या शाळेवर किंवा संगणकावर विसंबून नव्हेत. नातवंडांवर विसंबून सांगितल्या. म्हणून आता दरवर्षी दिवाळीच्या सुटीआधी सातवीचा वर्ग सगळ्या नोंदींची नवी प्रत काढतो, एकेक आवाज लावून ऐकतो आणि मगच कपाटाला कुलूप घालतो.