अंतराळातील अपुरा पाठ

अंतराळातील जीवन आणि विज्ञान शिक्षकानेच तेथून विद्यार्थ्यांना शिकवावे, या हेतूने अमेरिकेच्या नासा संस्थेने अकरा हजारांहून अधिक अर्जदारांतून क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिकेची निवड केली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान ७३ सेकंदांत भंगले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कित्येक शाळांतील मुले ते दृश्य पाहत होती.

त्यांचे राहिलेले काही पाठ २०१८ साली ज्यो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड या पूर्वाश्रमीच्या शिक्षकांनी अंतराळस्थानकावर चित्रित केले. द्रवांचे वर्तन, न्यूटनचे नियम... मुलांना ते अवश्य दाखवावेत.

पण त्या ७३ सेकंदांचे काय? कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्या दगा देतील, उड्डाण लांबणीवर टाका, असे अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. हे वर्गात सांगितल्यास कोवळी मने धास्तावतील, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तरंगता थेंब दाखवायचा आणि डावललेला इशारा झाकायचा, हे विज्ञानाचे शिक्षण नव्हे. या मृत्यूंना घाईने ‘बलिदान’ म्हणणेही मला खटकते. बलिदान जाणूनबुजून केले जाते. मॅकऑलिफबाईंनी प्रवासाचा धोका पत्करला होता, हे खरे. कड्यांविषयीचा इशारा मात्र यानात बसलेल्या सातांपैकी कोणाच्याही कानी घातला गेला नव्हता.