परीक्षा न्याय्य केव्हा ठरते?

ज्या औषधावर एका मोठ्या राष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला, त्याची परीक्षा घेणे हा त्या परंपरेचा अनादर आहे काय? आणि परीक्षा घ्यावयाचीच झाली तर ती कोणत्या रीतीने घ्यावी, म्हणजे औषधावर अन्याय होणार नाही आणि रोग्याचीही फसवणूक होणार नाही? चिनी पारंपरिक वैद्यकाच्या चाचण्या कशा आखाव्यात, हा वरवर पाहता तज्ज्ञांचा विषय आहे. परंतु वाचकहो, किंचित खोल पाहिले तर तो न्यायाचा प्रश्न आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

तुलना करून पारख करण्याची कल्पना नवी नाही. दानीएल व त्याचे तीन सोबती यांनी बाबेलात दहा दिवस शाकान्न व पाणी घेतले आणि मग राजाचे अन्न खाणाऱ्यांशी त्यांची तुलना झाली, ही कथा आपल्या परिचयाची आहे. वैद्यकीय चाचण्यांचा इतिहास सांगणारे पुष्कळदा तिच्यापासूनच आरंभ करतात. निकाल विरुद्ध गेला तर तोही स्वीकारण्याची तयारी दानीएलाने आधीच दाखविली होती. न्याय्य परीक्षेची हीच पहिली खूण होय. जिच्यात हार होऊच शकत नाही, तिला परीक्षा म्हणता येत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चीनमध्ये झालेल्या अॅक्युपंक्चरच्या ज्या चाचण्या तपासल्या गेल्या, त्या झाडून सर्व अनुकूल निघाल्याचे आढळले. कोणताही उपचार इतका अचूक नसतो. जेथे अपयश कधीच छापले जात नाही, तेथे यशाच्या वार्तेलाही मोल उरत नाही.

तथापि अन्याय दुसऱ्या बाजूनेही होऊ शकतो. चिनी वैद्य नाडी व जीभ पाहतो, प्रकृतीची विचारपूस करतो, आणि एकाच रोगाच्या दोन रोग्यांना दोन निराळी मिश्रणे देतो. सर्वांना एकच गोळी देऊन ती निष्फळ ठरली, तर ‘तुम्ही पारखलेत ते माझे वैद्यक नव्हेच’ असे म्हणण्याचा त्यास अधिकार आहे. मग उपाय काय? १९९८ सालीच प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीने तो दाखविला. आतड्यांच्या चिवट विकाराचे ११६ रोगी तीन गटांत विभागले गेले. एका गटास ठरावीक मिश्रण, दुसऱ्यास प्रत्येकासाठी वेगळे बेतलेले मिश्रण आणि तिसऱ्यास औषधविरहित कॅप्सूल मिळाली. वैद्याने सर्वांनाच तपासले; कोणाच्या वाट्यास काय आले, हे ना त्यास ठाऊक होते, ना रोग्यास. उपचार संपतेवेळी दोन्ही मिश्रणे औषधविरहित कॅप्सूलपेक्षा सरस ठरली. वेगळे बेतलेले मिश्रण ठरावीक मिश्रणाहून अधिक गुणकारी दिसले नाही. परंतु चौदा आठवड्यांनंतर पाहता, आराम टिकला तो केवळ वेगळे मिश्रण घेणाऱ्यांचा. वैद्याचा दावा अंशतः टिकला, अंशतः टिकला नाही. प्रश्न नीट विचारला म्हणूनच असे प्रामाणिक उत्तर मिळाले.

येथे एक शंका उपस्थित होते. दुखणाईतास खोटे औषध देणे हे असत्य नव्हे काय? त्यास न कळवता दिले तर ते निःसंशय असत्य आहे. परंतु ‘तुमच्या वाट्यास लटका उपचारही येऊ शकेल’ असे आधी स्पष्ट सांगून, त्याची संमती घेऊन दिले, तर रोगी हा फसविला गेलेला माणूस राहत नाही. तो सत्यशोधनातील भागीदार होतो. मात्र सिद्ध झालेल्या उपचारापासून त्यास वंचित ठेवता कामा नये. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदय दुबळे झालेल्या ३,११० रोग्यांच्या चिनी चाचणीत सर्वांचे नेहमीचे उपचार चालूच होते. त्यांच्या जोडीला काहींना वनस्पतींची कॅप्सूल, तर काहींना तशीच दिसणारी लटकी कॅप्सूल दिली गेली. हृदयविकाराने मृत्यू येण्याचे किंवा दुखणे बळावून रुग्णालयात जावे लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे २५ टक्के, तर दुसऱ्यात ३० टक्के आढळले.

निकाल नेहमीच इतका सरळ नसतो. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांपैकी काहींना शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, काहींना भलत्याच जागी उथळ टोचल्या, तर उरलेल्यांना प्रचलित उपचार दिले. २००७ मध्ये निकाल जाहीर झाला. सहा महिन्यांनी अनुक्रमे ४७.६, ४४.२ व २७.४ टक्के रोग्यांस गुण आला होता. रोग्याचा आराम खरा. पण बिंदूंविषयीचा सिद्धान्त मात्र सिद्ध झाला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम सांगणे कठीण असते. तरी त्या दोन्ही सांगणे हेच सचोटीचे आहे.

‘हजारो वर्षांचा अनुभव पुरेसा नाही काय?’ असे कोणी विचारील. बेल्जियममध्ये १९९० नंतर वजन घटविण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. एका वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसरी विषारी वनस्पती आली होती. पुढे त्यांतील कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. परंपरेचे नाव त्यांना वाचवू शकले नाही. तपासणीने कदाचित वाचविले असते.

याउलट तू योयो या चिनी संशोधिकेचे उदाहरण पाहा. हिवतापावर औषध शोधताना त्यांना एका वनस्पतीचा अर्क कधी गुणकारी, तर कधी निष्फळ आढळे. तेव्हा त्यांनी चौथ्या शतकातील गे हाँग यांचा वैद्यकग्रंथ पुन्हा उघडला. तेथे वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळण्यास सांगितले होते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे त्यांनी ताडले. १९७१ मध्ये कमी तापमानावर काढलेला अर्क प्राण्यांवर यशस्वी ठरला. पुढच्या वर्षी, रोग्यांना देण्यापूर्वी, तो त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः घेतला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाचा त्यांच्याइतका आदर कोणी केला असेल? त्यांनी तो आदराने वाचला आणि निर्भयपणे पारखला.

तेव्हा प्रिय वाचका, कोणी तुझ्यापुढे एखाद्या मुळीची स्तुती करील किंवा तिची टवाळी करील, तेव्हा दोघांनाही एकच प्रश्न विचार: ‘आपले म्हणणे चुकीचे असेल, तर ते आपणांस कशावरून कळेल?’ ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्या हाती आजारी माणसाचा जीव सोपवू नये.