पूर्वजांचे देणे

पितृपक्षात तर्पणाला बसलो की आमच्याकडे तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. वडील, आजोबा, पणजोबा. आणि त्यांच्या मागोमाग आई, आजी, पणजी. पणजीच्या नावापाशी मी दरवर्षी अडखळतो आणि जुन्या वहीत डोकावून पाहतो. पणजोबांच्या वडिलांचे नाव जमिनीच्या एका मोडी कागदावर आहे. पुढे त्याच जमिनीचा उतारा कानडीत झाला आणि आमच्या आडनावाने थोडे रूप बदलले. त्या कागदापलीकडे सगळा अंधार. आपल्या सीमाभागातल्या बहुतेक घरांची कथा याहून फारशी वेगळी नसावी.

माझा पुतण्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतो. गेल्या वर्षी याच दिवसांत त्याचा फोन आला. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी त्याला घरी बोलावून भिंतीवर लावलेली आपली वंशावळ दाखवली होती. बारा पिढ्या, आणि सर्वांत वर १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून उतरलेला मूळ पुरुष. पुतण्या म्हणाला, “काका, आपल्याला चार नावं सांगताना घाम फुटतो. या माणसाचा मला हेवा वाटला. पण घरी आल्यावर वाटलं, बारा पिढ्यांपूर्वी कोणी जहाजातून उतरला, यात याचं कर्तृत्व काय?”

मी त्याला म्हटले, “कर्तृत्व काहीच नाही.” फोन ठेवला; पण प्रश्न मनातून जाईना. कर्तृत्व नसताना पूर्वजांचा अभिमान आपण सगळेच बाळगतो. मग तसाच, कर्तृत्व नसताना, त्यांच्या अपराधाचा काही वाटा आपल्याकडे येतो का? एक घ्यायचे आणि दुसरे नाकारायचे, हे न्यायाला धरून आहे का?

अमेरिका हे स्वतःला नव्याने जन्मलेले राष्ट्र समजते. जन्माने कोणी थोर नाही, असे तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानेच सांगितले. तरीही वंशशोधाचा छंद त्या देशाइतका क्वचितच कुठे असेल. बोस्टनमध्ये १८४५ सालीच वंशावळींचा अभ्यास करणारी संस्था निघाली. स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या लेकीसुनांपैकी ज्या रक्ताच्या वारस ठरतील, त्या स्त्रियांची संघटना १८९० मध्ये झाली आणि ‘मेफ्लॉवर’च्या वंशजांची १८९७ मध्ये. त्या काळात युरोपातून नव्या स्थलांतरितांचे लोंढे येत होते. आधी आलेल्यांना आपण ‘आधीचे’ आहोत हे कागदावर सिद्ध करावेसे वाटू लागले, यात नवल नाही.

या शोधाची साधने म्हणजे गावांची जन्ममृत्यूची दप्तरे, चर्चमधल्या नोंदी, जमिनीची खरेदीखते आणि मृत्युपत्रे. काम चिकाटीचे असते. एकच आडनाव तीन कारकुनांनी तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. तारखांचा घोळ तर विलक्षण. १७५२ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि पंचांगही जुनेच होते. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म त्या वेळच्या नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ चा. चैत्रातला पाडवा आणि कार्तिकातला पाडवा अशी दोन नववर्षे ओळखणाऱ्या इंदूर-बडोद्याच्या वाचकांना यात फार अवघड वाटू नये.

‘मेफ्लॉवर’वर १०२ प्रवासी होते. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे दगावले. त्यांत जॉन हौलंड नावाचा एक तरुण नोकर होता. तो वादळात समुद्रात फेकला गेला, पण एक लोंबता दोर हाती लागल्याने वाचला. त्याला पुढे दहा मुले झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे अध्यक्ष त्याच्याच वंशातले. एक दोर हातातून निसटला असता तर किती माणसे जन्मालाच आली नसती! वंशशोधाची खरी गोडी अशा ठिकाणी आहे. आपले असणे किती योगायोगांवर टेकलेले आहे, हे तिथे कळते.

पण जरा गणित करू. माणसाला आईवडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांचे आईवडील आठ. अशा रीतीने बाराव्या पिढीत ४०९६ स्थाने होतात. एकच माणूस दोन-चार स्थानांवर बसलेला असू शकतो, हे खरे. तरी शेजाऱ्यांच्या भिंतीवरचा तो मूळ पुरुष या हजारोंतला एक. बाकीच्यांना भिंतीवर जागा नाही. म्हणजे वंशावळ ही केवळ सापडत नाही. ती निवडलीही जाते. आणि जिथे निवड आली, तिथे नीतीचा प्रश्न आलाच.

काही निवड वंशजांच्या आधी कागदांनीच केलेली असते. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० साली झाली. तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. बायको आणि मुले नुसत्या आकड्यांत. प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहायला १८५० साल उजाडावे लागले. त्या १८५० च्या आणि पुढच्या १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. थोडे अपवाद सोडले तर नावाचा रकाना गुलामाच्या वाट्याला आला नाही. १८६० साली असे सुमारे साडेएकोणचाळीस लाख लोक होते. गुलामगिरी गेल्यावर १८७० च्या जनगणनेत ते पहिल्यांदा नावानिशी दिसतात. त्यांचे वंशज पूर्वज शोधू लागले की १८७० पाशी भिंतीवर डोके आपटते. पुढे जायचे तर एकच वाट उरते, ती म्हणजे मालकाचे मृत्युपत्र, त्याचे कर्जाचे कागद, त्याची विक्रीची पावती. आपली पणजी शोधायला दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत जावे लागते. गायी-घोड्यांच्या मागेपुढे ती सापडते, किमतीसह.

आणि हे लोक काही मागाहून आलेले नव्हेत. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसे १६१९ च्या ऑगस्टात उतरवली गेली. ‘मेफ्लॉवर’च्या एक वर्ष आधी. ‘आधीचे’ असण्यातच मोठेपणा असेल, तर मान कोणाचा? आणि ‘मेफ्लॉवर’चे लोक जिथे वसले, ते तर साथीने उजाड झालेले वांपनोआग लोकांचे गाव होते. त्या गावाला पटक्सेट असे नाव होते.

वॉशिंग्टनकडे पुन्हा वळतो, कारण त्याच्या मृत्युपत्रात हा सारा पेच एकवटला आहे. १७९९ साली त्याने लिहून ठेवले की माझ्या मालकीचे गुलाम पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. असे १२३ जण होते. मार्था वॉशिंग्टनने त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केले. पण त्याच मळ्यावर आणखी १५३ गुलाम होते. ते मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, म्हणून त्या घराण्याच्या वारसांचे. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार वॉशिंग्टनलाही नव्हता आणि मार्थालाही नव्हता. १८०२ मध्ये ती वारली आणि ते तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. दोन्ही गटांत आपापसांत लग्ने झालेली होती. बाप मुक्त आणि आई-मुले नातवाच्या वाट्याला, अशी घरे फुटली. आता त्या नातवंडांचा अपराध काय? त्यांनी कोणाला पकडून आणले नव्हते, विकत घेतले नव्हते. त्यांना ती माणसे केवळ वारशाने मिळाली.

इथे आपल्या जुन्या धर्मशास्त्राचा विचार मला उपयोगी वाटतो. बापाचे कर्ज मुलगा, नातू, पणतू यांनी फेडावे, असे ते बंधन होते. २००५ सालच्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जापुरते, ते कायद्यातून गेले. पण त्या जुन्या नियमातही एक अपवाद होता. बापाने जुगारापायी, दारूपायी केलेले कर्ज मुलाला बांधील नसे. म्हणजे शास्त्रकारांना हे पुरते ठाऊक होते की बापाचे पाप मुलाच्या माथी मारता येत नाही. पाप ज्याचे त्याचे. या न्यायाने गुलाममालकाचा आजचा वंशज निरपराध आहे, आणि मला हे पूर्ण मान्य आहे. जन्मावरून कोणाला अपराधी ठरवणे आणि जन्मावरून कोणाला हीन ठरवणे ही एकाच विचाराची दोन टोके आहेत.

मात्र पापाचा वारसा येत नसला तरी लाभाचा येतो. शेत येते, घर येते, शिक्षण येते, नावाला चिकटलेली पत येते. ज्याच्या श्रमावर ते उभे राहिले त्याच्या वंशजाकडे यांतले काही येत नाही. पूर्वजाचे नावसुद्धा येत नाही. तेव्हा “मी काही केले नाही” हे उत्तर अपराधाच्या प्रश्नाला पुरेसे आहे, देण्याच्या प्रश्नाला नाही. कोणी म्हणेल, सगळ्यांचेच पूर्वज कुठे ना कुठे कोणाचे तरी देणेकरी निघतील. हा हिशेब संपायचा कधी? हिशेब कदाचित संपणार नाही. पण वही उघडूच नये, असे त्यातून निघत नाही. निदान नाव तरी लिहिता येते.

ते लिहिण्याला किती विरोध होतो आणि तरी ते कसे लिहिले जाते, याची उदाहरणे त्याच देशात आहेत. स्वातंत्र्ययोद्ध्यांच्या वंशज स्त्रियांच्या त्या संघटनेने १९३९ साली मेरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला आपले सभागृह नाकारले. अध्यक्षांच्या पत्नी एलेनोर रूझवेल्ट यांनी त्या कारणाने सभासदत्व सोडले. त्याच संघटनेत १९७७ साली कॅरन बॅचलर ही कृष्णवर्णीय स्त्री सभासद झाली, कारण तिने कागदोपत्री दाखवून दिले की स्वातंत्र्ययुद्धातला एक गोरा सैनिक तिचा पूर्वज होता. दाराला लावलेले कुलूप तिने त्यांच्याच किल्लीने उघडले.

थॉमस जेफर्सनचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीपासून त्याला मुले झाली, हे तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ साली एका वृत्तपत्रात सांगितले होते. सव्वाशे वर्षे ते बहुतेक इतिहासकारांनी मानले नाही; घरातल्या तोंडी आठवणीला पुरावा कोण म्हणणार? १९९८ च्या जनुकीय तपासणीने त्या आठवणीला बळ मिळाले. जेफर्सनचे घर सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली तिचे म्हणणे ग्राह्य धरले. कुटुंबाच्या दफनभूमीची मालकी असलेल्या वंशजांच्या मंडळाने मात्र २००२ साली हेमिंग्ज वंशजांना प्रवेश नाकारला. रक्त सिद्ध होणे वेगळे आणि नाते मान्य होणे वेगळे.

याउलट जॉर्जटाऊन विद्यापीठाचे पाहा. मेरिलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ मध्ये २७२ माणसे लुइझियानात विकली आणि त्या पैशातला काही भाग या संस्थेच्या कर्जाकडे गेला. २०१६ साली विद्यापीठाने त्यांच्या वंशजांना प्रवेशात आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांसारखाच विचार देण्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी एका इमारतीला आयझॅक हॉकिन्सचे नाव दिले. विक्रीच्या कागदावरचे ते पहिले नाव होते. एवढ्याने देणे फिटले असे त्या वंशजांतलेही अनेक जण म्हणत नाहीत. पण वही उघडली गेली.

हे सारे पुतण्याला कळवले, तेव्हा त्याने उलट विचारले, “काका, आपल्या वहीचं काय?”

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची चांगली परंपरा आहे. माझ्या कपाटातही एक आहे. मूळ पुरुष, त्याच्या शाखा, कोणाला इनाम मिळाले, कोण कारकून झाला, हे सगळे त्यात आहे. लेकींची नावे लग्नापर्यंत येतात आणि मग जणू नदीत वाहून जातात. आणि आणखी एक गोष्ट या वेळी प्रथमच लक्षात आली. आपल्या भाषेत घराण्यालाही ‘कूळ’ म्हणतात आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही ‘कूळ’च म्हणतात. कुलवृत्तांतात पहिले कूळ पानोपानी आहे. दुसरे कुठेच नाही. आमचे इनाम ज्यांनी पिकवले, ज्यांच्या धान्यावर पणजोबा शिकले, त्यांतल्या एकाचेही नाव मला ठाऊक नाही. आपली कुळे आणि अमेरिकेतली गुलामगिरी एक नव्हे, हे मी जाणतो. पण विसरण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

तो मोडी कागद मी जाणकाराकडून वाचून घेतला. पणजोबांच्या वडिलांच्या नावाखाली दोन नावे आहेत. नुसती नावे, आडनावाशिवाय, आणि पुढे धान्याचा आकडा. एवढी वर्षे तो कागद मी ‘आमच्या’ नावासाठी जपला होता.

तर्पणाच्या शेवटी ज्यांचे कोणी नाही, ज्यांची नावे ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठीही पाणी सोडण्याची रीत आहे. महालयात त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो. लहानपणी मला वाटे, ही केवळ उदारता. आता वाटते, ज्यांनी ही रीत घातली त्यांना हे ठाऊक असावे की निनावी माणसांचेच देणे सर्वांत मोठे असते. या वर्षी ते पाणी सोडताना मी ती दोन नावे घेतली. जुन्या वहीतही पणजीच्या नावाखाली लिहून ठेवली आहेत. पुतण्याच्या मुलांना कधी शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितले, तर कागदाच्या कडेला का होईना, ती लिहावीत, असे त्याला कळवले आहे.