लेवीय चौदा आणि भिंतीची ओल

रोज शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्या घरांत डिसेंबर संपताना एक हिशेब हमखास मांडला जातो. पुस्तके ६६, अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले, तर वर्षात सगळे शास्त्र होते आणि वर दहा अध्यायांची सवड उरते. जानेवारी मजेत जातो. उत्पत्तीत गोष्टींना तोटा नाही. निर्गमात तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत थांबावेसे वाटत नाही. मग निवासमंडपाची मापे येतात. फळ्या, कड्या, पडदे, पुन्हा फळ्या. आणि महिनाअखेरीला लेवीय उघडते. पुष्कळांचे वाचन तिथेच अडते. होमार्पणाची चरबी कोणती, रवंथ करणारा प्राणी कोणता, अंगावरचा चट्टा कितव्या दिवशी तपासायचा, हे सकाळी साडेसहाला, नळाला पाणी असताना कोण वाचणार? घरातली म्हातारी माणसे तेवढी रेटत राहतात.

रोज वाचायचे तर रोज काहीतरी मिळालेच पाहिजे, असा आपला हट्ट असतो. अध्याय संपला की बोध हवा, तोही ऑफिसला निघण्याआधी. म्हणून मोबाइलवर सकाळी फुलांच्या चित्रावर छापलेले ‘आजचे वचन’ येते आणि ते पुढे पाठवले की वाचन झाल्यासारखे वाटते. ही रीत नवी नाही. जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोराव्हियन मंडळीने १७२८मध्ये रोज एक वचन घरोघर सांगायला सुरुवात केली, आणि १७३१पासून ती वचने दरवर्षी पुस्तकरूपाने छापली जातात. चांगलीच रीत आहे. पण सुटे वचन आपल्या शेजाऱ्यांपासून तुटते. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले अकरावे वचन कॅलेंडरांवर, भिंतीवरच्या तसबिरींवर, लग्नपत्रिकांवर असते. देवाने आपल्यासाठी चांगले भविष्य योजले आहे, हा त्याचा आशय. त्याच्या आधीचे दहावे वचन मात्र कोणी छापत नाही. तिथे सांगितले आहे की त्यासाठी ७० वर्षे लागतील. आणि पाचव्या ते सातव्यात आहे की तोवर बाबेलमध्येच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, त्याच परक्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. गिरगावातून डोंबिवली-विरारला गेलेल्या आणि तीस वर्षांनंतरही ‘आम्ही मूळचे गिरगावचे’ म्हणणाऱ्या माणसाला ही वचने अकराव्यापेक्षा कितीतरी जवळची वाटावीत.

पण मला सांगायचे आहे ते लेवीयाबद्दल.

लेवीय १४, वचन ३३पासून पुढे. घराच्या भिंतीला चट्टा पडला तर काय करायचे, याचे नियम. भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसू लागले आणि ते पृष्ठभागापेक्षा खोल गेले असतील, तर घरधन्याने याजकाला कळवायचे. याजक येऊन पाहणार, घर सात दिवस बंद ठेवणार, सातव्या दिवशी पुन्हा येणार. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून नगराबाहेर टाकायचे, घर आतून सगळीकडे खरवडायचे, दुसरे दगड बसवायचे, नवा गिलावा करायचा. एवढे करूनही चट्टा पुन्हा उमटला, तर घर पाडायचे; दगड, लाकूड, गिलावा, सगळे बाहेर.

परळच्या किंवा गिरगावच्या चाळीत राहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडची भिंत फुगते. आधी चुन्याचा रंग सुटतो, मग पोपडे धरतात, मग कोपऱ्यात हिरवट काळा डाग वर चढू लागतो. त्यावर कॅलेंडर टांगतात. कॅलेंडरही मागून ओले होते. भांड्यांची मांडणी हात-दीड हात पुढे ओढून घेतात. गणपतीच्या आधी खरवडून रंग काढतात आणि पुढच्या पावसात डाग त्याच जागी परत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर होते. ज्यांचे नाव तीत येते, त्यांनी संक्रमण शिबिरात जावे की टेकू लावलेल्या जिन्याने वर-खाली करत राहावे, याचा खल गॅलरीत रात्री उशिरापर्यंत चालतो. या शहरात उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करण्याचा कायदा १९६९चा आहे. लेवीय त्याच्या अडीच-तीन हजार वर्षे आधीचे. पाहणी, मुदत, खरवडणे, गिलावा, शेवटी पाडकाम, हा क्रम मात्र ओळखीचा आहे.

आणि त्या क्रमात एक वचन आहे, ३६वे, जे मोबाइलवरच्या कोणत्याही फुलाच्या चित्रावर कधी यायचे नाही. याजकाने आत जाऊन पाहण्याआधी घरातले सामान बाहेर काढायला सांगायचे. कारण त्याने एकदा घर अशुद्ध ठरवले की आतले सगळे अशुद्ध ठरणार. म्हणजे आधी पातेली, गाद्या, धान्याचे डबे बाहेर घ्या. मग अधिकारी आत येईल. रोगाच्या, अशुद्धतेच्या, कडक नियमांच्या या ढिगात कोणीतरी गरिबाच्या भांड्याकुंड्यांचा विचार करून ठेवला आहे. नियम शिथिल केलेला नाही. फक्त त्याची अंमलबजावणी दोन घटका पुढे ढकलली आहे. ज्याच्या हातात कसल्याही पाहणीचा अधिकार आहे, वॉर्डातला अभियंता असो, शाळेतले पर्यवेक्षक असोत की घरात मुलीची वही तपासायला बसलेली आई असो, त्या माणसाने हे वचन वाचावे. सकाळी वाचताना यातले काही सुचेलच असे नाही. पावसात कधीतरी सामान उचलताना सुचते. फेब्रुवारीत वाचलेले जुलैत कळते. रोजच्या वाचनाचा खरा उपयोग मला असा उशिराने होणारा वाटतो.

चाळीतल्या वाचनाला आणखी एक गुण आहे, तो बंगल्यात मिळत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एकांत नसतो. दार दिवसभर उघडे. एका खोलीतून हरिपाठ ऐकू येतो, दुसरीतून स्तोत्रसंहिता, तिसरीतून बातम्या. या उघड्या दारालाही एक इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले, ते विधवा आणि निराधार मुलींच्या शिक्षणासाठी. तिथे धर्मोपदेश करायचा नाही असे ठरलेले. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेले. रमाबाई आपल्या खोलीत लेकीबरोबर शास्त्र वाचून प्रार्थना करत, आणि दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून गदारोळ झाला आणि १८९३मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. मुली ज्या शब्दावर सोपवल्या होत्या, तो शब्द पाळला जातो का, हा प्रश्न गैर नव्हता. पण एका आईने आपल्या खोलीत रोज वाचायचे ते दार लावून वाचावे की उघडे ठेवून, याचे सोपे उत्तर तेव्हाही नव्हते. रमाबाईंचे वाचन पुढे केडगावच्या मुक्ती सदनात भाषांतराच्या कामापर्यंत गेले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे शास्त्र मराठीत आणले, तेही कमी शिकलेल्या बाईला कळावे अशा भाषेत. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून ते भाषांतर १९२४मध्ये बाहेर आले. लेवीयही त्यात आहे. भिंतीच्या चट्ट्यांचे अध्यायही त्यांनी ओळीने केले.

नारायण वामन टिळकांची गोष्ट याच्या उलट, फार घाईची. १८९३मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक वाचता वाचता मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अशी माणसे थोडी. आपल्यासारख्यांना मत्तय पाचपासून मत्तय वीसपर्यंत जायलाच आठवडा लागतो.

मत्तय वीस गिरणगावात वाचावा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस मावळायला तासभर असताना. नाक्यावर उभ्या राहिलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का? ते सांगतात, कोणी कामाला लावलेच नाही. संध्याकाळी सगळ्यांना एकच दिनार, आणि वाटप शेवटच्यांपासून. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. उपासनेत यावर देवाच्या कृपेचा संदेश होतो आणि तो योग्यच आहे. पण लालबाग-परळमध्ये ज्यांच्या वडिलांनी बदलीवर काम केले, त्यांचे कान ‘कोणी कामाला लावलेच नाही’ या उत्तरावरच थांबतात. भोंगा झाला की बदलीवाले गेटवर उभे राहायचे. कोणी खाडा केला तर त्याच्या साच्यावर आज आपण, नाहीतर घरी. दुसऱ्या पाळीला पुन्हा येऊन बघायचे. रिकामा राहिलेला माणूस आळशी नव्हता, हे तिथे कोणाला सिद्ध करावे लागत नसे. आणि शेवटच्या तासाला लागलेल्याच्या घरीही पीठ तेवढेच लागते. एका दिनारात एका घराचा एक दिवस भागतो. तासाच्या मजुरीत घर अर्धपोटी झोपते.

तरीही या दृष्टांतात एक खडा आहे, आणि तो गिरणगावालाच टोचणार. कुरकुरणाऱ्यांना धनी सुनावतो त्याचा सूर असा, की माझ्या पैशाचे मी हवे ते करीन. हेच बोल कोणा गिरणीमालकाने काढले असते तर दुपारी गेटसभा झाली असती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, ते मालकाच्या मर्जीवर मजुरी ठरू नये म्हणूनच. मर्जीने जास्त देणारा धनी उद्या मर्जीने कमीही देईल, हा युनियनचा धडा तिथे पोरासोरांनाही पाठ. मग दृष्टांत कोणाच्या बाजूचा? मला वाटते, येशूने तो मुद्दाम असा ठेवला आहे की पहाटेच्या मजुराला त्यात पूर्ण समाधान मिळू नये. दरवर्षी हा अध्याय येतो आणि दरवर्षी मी शेवटच्या मजुराच्या बाजूने वाचायला सुरुवात करून पहिल्याच्या बाजूला सरकतो.

सगळेच अध्याय असे अडवत नाहीत. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून महिन्याच्या तारखेचा अध्याय वाचायची अनेक घरांत पद्धत. २७ तारखेला सत्ताविसावा. त्यात मूर्खाला उखळात घालून मुसळाने धान्यासारखे कांडले तरी त्याची मूर्खता सुटत नाही, अशा अर्थाचे एक वचन आहे. एप्रिलच्या २७ला लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत डंकाखाली मिरची, धणे, खडा मसाला कुटला जात असतो, शिंका देत बायका पिशव्या धरून नंबरात बसलेल्या असतात, आणि त्या डंकाचा ठोका ऐकून हे वचन आठवले तर हसू आवरत नाही. शलमोनाच्या नावावरच्या या पुस्तकात स्वयंपाकघर पुष्कळ आहे.

आणि गणना. लेवीय ओलांडून आलेला माणूस गणनेत पुन्हा गळतो, कारण तिथे शिरगणतीच शिरगणती आहे. २६वा अध्याय तर नुसती कुळांची नावे आणि आकडे. त्याच्या मधोमध एका ओळीत येते की सलाफहाद नावाच्या माणसाला मुलगे नव्हते, मुलीच होत्या, आणि त्यांची नावे दिली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. २७व्यात या पाचजणी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात आणि बापाचा वाटा मागतात. मोशे स्वतः निकाल देत नाही. प्रश्न देवापुढे ठेवतो. देवाचा निकाल मुलींच्या बाजूने येतो.

ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५चा. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी सारखे. भाड्याच्या खोलीचे नियम वेगळे, ते असोत. पण चाळीचा पुनर्विकास ठरला, चारशे चौरस फुटांची स्वप्ने पडू लागली, की लग्न होऊन बदलापूरला गेलेल्या ताईला फोन जातो: ‘ताई, रविवारी ये, एक सही पाहिजे.’ तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. ताई येते, जेवते, सही करते. भांडण नको म्हणून करते, भावाची परिस्थिती बेताची म्हणून करते, आणि न केली तर माहेर तुटेल म्हणूनही करते. अशा घरात संध्याकाळच्या वाचनाला गणना २७ आला, तर तो मोठ्याने वाचावा आणि पाचही नावे नीट उच्चारावीत. ३६वाही वाचावा. त्यात त्याच वंशातली कर्ती पुरुष मंडळी मोशेकडे अदबीने येतात आणि म्हणतात, या मुलींनी बाहेर लग्न केले तर जमीन दुसऱ्या वंशात जाईल. मग अट घातली जाते की त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे. पाचही जणी आपल्या चुलतभावांशी लग्न करतात. जमीन मिळाली, पण अटीसकट. गणना हे पुस्तक त्याच अध्यायाने संपते.