लिपी टाकून देण्याचा अधिकार

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत परदेशाहून येणाऱ्या यंत्रांच्या पेट्यांवर पुष्कळदा चिनी अक्षरे आढळतात. ती आपणांस वाचता येत नाहीत, ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती दुसऱ्याची लिपी आहे. परंतु ज्या जमिनीवर तो कारखाना उभा आहे, तिचे शंभर वर्षांपूर्वीचे टिपण किंवा कडईपत्रक कचेरीच्या दप्तरातून काढून पुढे ठेवले, तर तेही आपल्यापैकी बहुतेकांस चिनीइतकेच अगम्य वाटते. भाषा मराठी, गाव आपले, त्यातले नाव कदाचित आपल्याच पणजोबांचे. आणि तरीही एक ओळ लागत नाही, कारण ते मोडीत आहे. ही लिपी आपल्या हातून कोणी हिसकावून नेली नाही. ती आपणच खाली ठेवली. एखाद्या पिढीस आपल्या सोयीकरिता पूर्वजांची लिपी टाकून देण्याचा अधिकार आहे काय, आणि असल्यास त्या अधिकाराबरोबर कोणते कर्तव्य अंगावर येते, ह्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या प्रश्नावर पेटीवरील चिनी अक्षरेच थोडा प्रकाश पाडतात. आज वापरात असलेल्या लिप्यांत एवढी दीर्घ व अखंड परंपरा दुसरीची नाही. हेनान प्रांतातील आन्यांगजवळ इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या सुमारास शांग राजांची राजधानी होती. तेथे बैलाच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवाच्या पोटाकडील कवचांवर राजाचे प्रश्न कोरीत: पाऊस येईल काय, स्वारीस यश आहे काय, राणीचे बाळंतपण सुखरूप होईल काय? हाडाच्या मागील बाजूस खळगे पाडून तेथे डाग देत आणि उमटलेल्या तड्यांवरून कौल पाहत. पुढे तीन हजार वर्षे हे सारे मातीखाली गेले. नंगर लावताना वर येणारी ती हाडे औषध म्हणून कुटून विकली जात. १८९९ मध्ये वांग यीरोंग ह्या विद्वानाच्या ध्यानात आले की त्यांवरील ओरखडे ही अक्षरे आहेत.

चिनी लिपी म्हणजे चित्रांची लिपी, ही आपल्याकडील समजूत अर्धीच खरी आहे. झाडाचे चिन्ह एकदा काढले तर झाड, दोनदा काढले तर वन, तीनदा काढले तर घनदाट अरण्य, ही उदाहरणे मुलांस आवडतात. परंतु मनातली प्रत्येक गोष्ट अशी चितारता येत नाही. म्हणून फार पूर्वीच त्यांनी निराळी युक्ती काढली. 'मा' म्हणजे आई हा शब्द लिहावयाचा, तर स्त्रीचे चिन्ह घ्यावयाचे आणि त्याशेजारी घोड्याचे ठेवावयाचे. कारण घोड्यासही त्या भाषेत, किंचित निराळ्या सुरात, 'मा'च म्हणतात. एक भाग अर्थ सुचवितो, दुसरा उच्चार. बहुसंख्य चिनी अक्षरे ह्याच रीतीने बनलेली आहेत. आईशेजारी घोडा का बांधला, असे विचारणाऱ्या परक्यास चिनी माणूस हसत असेल तर त्यात नवल नाही.

आमच्या प्रश्नाशी अधिक निकट आहे ती पुढची हकीकत. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन सम्राटाने सारा देश एकछत्री केला आणि लिपीही एकच ठरविली. ती वळणदार, डौलदार मुद्रालिपी होती. पण खटल्यांचे, करांचे, धान्यकोठारांचे कागद रोज लिहिणाऱ्या कारकुनांस तेवढी सवड कोठून असणार? त्यांनी वळणे सरळ केली, फटकारे कमी केले. ह्या घाईच्या हातातून जी लिपी वर आली तिला 'लिशू', म्हणजे कारकुनी लिपी, असे नाव पडले. आणि पुढे हान राजवटीत तीच सर्वमान्य झाली. आजच्या चिनी अक्षरांचे रूप मुख्यतः त्या कारकुनांच्या हातचे आहे.

आपल्याकडेही अगदी असाच प्रसंग घडला, मात्र त्याचा शेवट उलटा झाला. पोथी लिहावयाची ती बाळबोधेत आणि व्यवहार लिहावयाचा तो मोडीत, अशी विभागणी आपल्याकडे कित्येक शतके होती. यादवांचा मंत्री हेमाडपंत ह्याने मोडी प्रचारात आणली असे परंपरा सांगते, आणि शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी ह्यांनी तिला वळण लावले असे म्हणतात. ह्या परंपरेत इतिहास किती आणि आदर किती हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. ती कशासाठी जन्मली हे तिच्या रूपावरूनच दिसते. आधी कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळ आखून घ्यावयाची, मग बोरू होता होईल तो न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरावयाचे. दोन शब्दांत अंतर सोडावयाचे नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विचार करावयाचा नाही. चीनमध्ये कारकुनाच्या लिपीने पंडिताच्या लिपीस बाजूस सारले. महाराष्ट्रात छापखाना आला, सुट्या खिळ्यांस सुटी अक्षरे मानवली, आणि पोथीच्या लिपीने कारकुनाच्या लिपीस बाजूस सारले. सिरामपुरास केरीच्या मराठी कोशाकरिता १८१० मध्ये मोडीचे खिळे पाडले गेले होते खरे. पण ती वाट पुढे कोणी चालले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत. नंतर तीही थांबली.

ह्याबद्दल हळहळणारी पुष्कळ माणसे आहेत, आणि त्यांची हळहळ आम्हांस कळते. तथापि तिला एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. मोडी जेव्हा जिवंत होती, तेव्हा ती वाचता कोणास येत होती? कुलकर्ण्यास, सावकारास, दरबारी कारकुनास. ज्याच्या शेताबद्दल तो कागद होता त्या कुणब्यास ती कधीच येत नव्हती. तो अंगठा उठवी किंवा नांगराची निशाणी करी, आणि आपण कशास मान्यता दिली हे दुसऱ्याच्या तोंडून ऐके. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो गावोगाव पसरला, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून मुख्यतः काय शोधून जाळले? कर्जरोखे. जो कागद आपल्यास वाचता येत नाही आणि तरी आपल्यावर सत्ता चालवितो, त्याच्याशी वागण्याची दुसरी रीत त्यांस ठाऊक नव्हती. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याचे बंधन आले, त्याचे एक कारण हेच होते. जोतीराव फुले ह्यांनी कुलकर्णी व कारकून ह्यांच्या लेखणीवर जो राग काढला, तो अक्षरांच्या वळणावर काढला नव्हता.

म्हणून लिपी टाकून देण्याचा अधिकार पिढीस आहे, असेच आमचे मत आहे. जी लिपी शेतकऱ्याच्या मुलास पहिल्याच वर्षी पाटीवर गिरवावयाची आणि जी त्यास छापील पुस्तकातही भेटावयाची, ती एकच असणे हा न्याय होता. पितृऋण मोठे खरे. पण ते फेडण्यासाठी सर्व मुलांनी दोन-दोन लिप्यांचा भार वाहावा, असे म्हणणे आमच्याने होत नाही.

कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? ती समजण्यास पुन्हा चीनकडे वळले पाहिजे. कारकुनी लिपी रूढ होऊन बराच काळ लोटला होता, तेव्हा, इसवी सन १०० मध्ये, श्यू शेन नावाच्या पंडिताने 'शुओवेन ज्येझी' हा कोश पुरा केला. त्यात नऊ हजारांवर अक्षरे घेऊन प्रत्येकाचे जुने, मुद्रालिपीतले रूप मुख्य म्हणून दिले, आणि त्याची फोड करून दाखविली. रोजच्या व्यवहारात त्या रूपांचा उपयोग उरला नव्हता. त्याच्या कित्येक व्युत्पत्ती चुकीच्या होत्या, हेही आज ठाऊक आहे. परंतु अठराशे वर्षांनी आन्यांगची हाडे हाती आली तेव्हा विद्वान कोरे नव्हते. मागे जाण्यास पायरी शिल्लक होती. तिच्या व जुन्या काशाच्या भांड्यांवरील लेखांच्या आधाराने हाडांवरचे राजे, त्यांची नावे, त्यांचे पाऊसपाणी वाचता आले. सर्व चिन्हे अद्यापि उलगडलेली नाहीत, तरी वाट बंद नव्हती.

आपल्याकडे असे काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत आणि बाळबोधेत छापीत, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत बाहेर पडले. ह्या कामास तोड नाही. तथापि निवड करताना साहजिकच स्वाऱ्या, तह, दरबार ह्यांस आधी जागा मिळाली. पाणंद कोणाची, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची, भावकीत वाटणी कशी झाली, विधवेच्या पोटगीचे काय ठरले, असल्या गोष्टी रुमालांतच राहिल्या. आणि नेमक्या त्याच आज लागतात.

चिंचवडचेच पाहा. मोरया गोसावींच्या वंशातील देव घराण्यास निरनिराळ्या राजवटींत जी इनामे मिळाली, त्यांचे कागद मोडीत आहेत. त्या कागदांच्या आधारे देवस्थान आणि राज्यसत्ता ह्यांच्या संबंधांचा सविस्तर ग्रंथ लॉरेन्स प्रेस्टन ह्या परदेशी अभ्यासकाने लिहिला. तो १९८९ मध्ये केंब्रिजला छापला गेला. त्यांनी मोडी शिकून घेतली, हे त्यांस भूषणावह. दर चतुर्थीस मंगलमूर्तीच्या दर्शनास जाणाऱ्या आम्हां सुशिक्षितांपैकी किती जणांस ते कागद उलगडता येतील, ह्याचे उत्तर मात्र भूषणावह नाही.

पण ही झाली अभ्यासाची गोष्ट. उपजीविकेची गोष्ट अधिक तातडीची आहे. चाकण, महाळुंगे, निघोजे ह्या गावांतील जमिनींस कारखान्यांमुळे जो भाव आला, त्याने जुन्या हद्दींचे व वारशांचे तंटे जागे केले. १८७५ साली शेतकऱ्यास आपला कागद वाचता येत नव्हता, कारण त्यास शाळा नव्हती. त्याचा पदवीधर पणतू आज तोच कागद घेऊन वाचणाऱ्याच्या दारात बसतो. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. पन्नास वर्षे ज्यांस कोणी विचारले नाही, त्यांच्या एका वाचनावर घराण्याचे भवितव्य टांगले गेले.

आणि हे वाचन केवळ अक्षरओळखीचे नसते. शब्द कोठे तुटतो ते ठरवावे लागते. फसली व सुहूर सन इसवीत उतरवावे लागतात. फारसी शब्द, बिघे-पांडांची मापे, अपूर्णांकांच्या खुणा, संक्षेप, हे सारे यावे लागते. घाईच्या हातची अक्षरे एकमेकांसारखी दिसू लागली की एका चुकीने बांध एका शेतातून दुसऱ्या शेतात सरकतो. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीस स्थान मिळाले, त्यामुळे ती आता यंत्रावर उमटते. परंतु यंत्रावर स्वच्छ उमटलेली मोडी आणि वाळवीने खाल्लेल्या कागदावरची कुलकर्ण्याची मोडी ह्यांत फार अंतर आहे.

चीननेही १९५६ पासून दोन हजारांहून अधिक अक्षरांची रूपे सोपी केली, आणि तेथेही कुरकुर झाली. 'प्रेम' ह्या अक्षराच्या पोटात पूर्वी हृदयाचे चिन्ह असे, ते नव्या रूपात गळाले. तैवानात व हाँगकाँगात ते टिकून आहे. प्रेमातून हृदय गेले, अशी थट्टा तेव्हापासून चालू आहे. आम्हांस तिच्यात थट्टेपलीकडे फारसे काही दिसत नाही, कारण जुने रूप जाणणारे लक्षावधी लोक व कोश तेथे हयात आहेत.

आपल्याकडे पुराभिलेख संचालनालय व काही संस्था मोडीचे वर्ग चालवितात. तेथे इतिहासाचे विद्यार्थी येतात, निवृत्त गृहस्थ येतात, आणि अलीकडे घरची जुनी कागदे पिशवीत घेऊन शेतकऱ्यांची मुलेही येतात. परंतु शिकून झाल्यावर पुढे काय? न्यायालयात दुभाष्या असतो तसा प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत पगारी मोडी वाचक असावा. त्याच्या वाचनावर दुसऱ्याने तपासणी करावी. आणि ते बाळबोधेत उतरवून मूळ कागदाच्या छायाचित्रासह खातेदारास मिळावे. ह्याचा खर्च लिपी बदलण्याचा लाभ ज्या समाजाने घेतला त्यानेच सोसावयाचा आहे. आज तो ज्याच्या हाती कागद आहे त्याच्या एकट्याच्या खिशातून जातो.